काढलेली गाठ बादलीत नको, बाटलीत हवी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक काका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत आले. वय सत्तरीच्या घरात. सारा जन्म लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात उभे राहून काम करण्यात गेलेला. उजव्या टाचेच्या कडेला बोराएवढी लालसर, ओलसर गाठ होती. चपलेचा पट्टा घासला की रक्त यायचे.

"डॉक्टर, कुरूप आहे. वर्षापूर्वी एकदा काढले होते, पुन्हा उगवले. कापून टाका," काका म्हणाले.

"तेव्हा काढलेली गाठ तपासायला पाठवली होती का?"

काकांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "नाही हो. पंधरा मिनिटांचे काम होते. इंजेक्शन दिले, कापले, टाके घातले. गाठ तिथेच बादलीत टाकली असणार. आम्हीही विचारले नाही."

जांघेत हात लावून पाहिला तर सुपारीएवढी टणक गाठ लागली. "ते पायाच्या जखमेने अवधाण आलेय," काकांनी खुलासा केला. टाचेच्या गाठीचा तुकडा आणि जांघेतल्या गाठीतला सुईने काढलेला अंश तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. घर्मग्रंथीचा कर्करोग. नाव पोरोकार्सिनोमा. जांघेतही तोच.

काकांनी विचारले, "डॉक्टर, घामाचाही कॅन्सर असतो?"

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर देतो. पण आजचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. शरीरावरून काढलेली कोणतीही गाठ तपासल्याशिवाय फेकून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घर्मग्रंथींचे कर्करोग अत्यंत विरळ आहेत, हे मान्य. पण ही एक छोटी चूक माणसाला केवढ्याला पडते, ते या विरळ रोगाइतके स्वच्छ क्वचितच दुसरीकडे दिसते.

घाम आणि गाठ

आपल्या त्वचेत साधारण वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. बहुतेक साऱ्या अंगभर पसरलेल्या, तळहात आणि तळपायांवर सर्वांत दाट. त्या पाणी आणि मीठ बाहेर टाकतात. ते पाणी वाळते आणि अंग थंड राहते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काख, जांघ, स्तनाग्राभोवतीचा भाग अशा मोजक्या ठिकाणी असतात. त्यांचा घाम दाट असतो. या ग्रंथींच्या किंवा त्यांच्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी बेबंद वाढू लागल्या की गाठ होते.

अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. अनेक स्त्रियांच्या डोळ्यांखाली बारीक पुटकुळ्यांसारखे दाणे दिसतात, ते घर्मनलिकांचेच असतात आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध नसतो. घामोळ्यांचाही नाही. उन्हाळ्यात बोरिवलीची सकाळची गाडी पकडणाऱ्या माणसाला घाम किती येतो, यावर हा रोग मुळीच अवलंबून नाही. काखेत लावायच्या सुगंधी फवाऱ्यामुळे हा कर्करोग होतो, असाही पुरावा नाही. तेव्हा घामाला घाबरू नये.

खरा घर्मग्रंथींचा कर्करोग मात्र क्वचितच भेटतो. पोरोकार्सिनोमा त्वचेच्या दर दहा हजार कर्करोगांत जेमतेम एखादा, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्याचे पहिले वर्णन १९६३ साली पिंकस आणि मेहरेगन या तज्ज्ञांनी केले. तो बहुधा साठीनंतर, पाय, डोके किंवा चेहरा यांवर होतो. कित्येकदा वर्षानुवर्षे गप्प बसलेली साधी गाठ एकाएकी वाढू लागते, फुटते, रक्त येते. याची भावंडेही आहेत. एक प्रकार वरच्या ओठाजवळ कडक चट्ट्यासारखा येतो आणि आतल्या आत नसांच्या कडेने पसरतो. एक हातापायाच्या बोटांवर होतो आणि काही वर्षांनी फुप्फुसात डोके वर काढू शकतो. एक पापणीवर मऊ गाठ होऊन बसतो. काखेत होणारा प्रकार तर स्तनाच्या कर्करोगासारखा हुबेहूब दिसतो. म्हणून स्त्रीच्या काखेतल्या अशा गाठीचे निदान करताना स्तनांची तपासणी आधी करावी लागते.

आता अडचण अशी, की यांतल्या एकाच्याही अंगावर नाव लिहिलेले नसते. पायावरची गाठ कुरूप वाटते, बोटावरची चामखीळ वाटते, डोक्यावरची चरबीची गाठ वाटते. निव्वळ डोळ्यांनी पाहून मोठमोठे त्वचारोगतज्ज्ञही चुकतात. मग घरगुती इलाज सुरू होतात. कोणी पापडखार आणि चुना लावतो, कोणी घोड्याचा केस बांधतो, कोणी ब्लेडने खरवडतो. त्यात महिने जातात. निदान फक्त सूक्ष्मदर्शकाखाली होते. तेही सोपे नसते. पेशींना खास रंग देऊन, हा रोग त्वचेतच सुरू झाला की दुसरीकडून इथे आला, हे ठरवावे लागते. त्यासाठी तज्ज्ञाच्या हातात आधी तुकडा तर हवा!

'मुंबईला नेऊन दाखवू'

गावाकडचे लोक मोठ्या विश्वासाने म्हणतात, "काही निघाले तर मुंबईला नेऊन दाखवू." माझे स्वतःचे नातेवाईकही हेच म्हणतात. विश्वास चुकीचा नाही. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि देशभरातून माणसे तिथे येतात. मुलुंड-घाटकोपरचा माणूस मध्य रेल्वेने परळला उतरतो. अंधेरी-बोरिवलीचा माणूस पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरतो. २०१८ पर्यंत या स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड होते. दूरगावच्या कित्येक रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो.

पण मुंबईला पोचण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो, हे कोणी सांगत नाही. या रोगाचा मुख्य उपचार एकच, आणि तो म्हणजे शस्त्रक्रिया. गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी त्वचेच्या पट्ट्यासह, पुरेशा खोलीपर्यंत काढायची. मग चारी कडा आणि तळ तपासून कुठेही रोगाच्या पेशी उरल्या नाहीत याची खात्री करायची. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोज यांनी सुरू केलेल्या पद्धतीत तर थरामागून थर काढून, प्रत्येक थर त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, कडा स्वच्छ होईपर्यंत पुढे जातात. चेहऱ्यावरच्या गाठींसाठी ती फार उपयोगी असते. आपल्याकडे ती सोय थोड्याच ठिकाणी आहे. पण पद्धत कोणतीही असो, तत्त्व एकच. कडा तपासलीच पाहिजे.

काकांच्या पहिल्या शस्त्रक्रियेत नेमके हेच राहिले. डोळ्यांना दिसत होती तेवढी गाठ गेली, मुळे टाचेतच राहिली. गाठ तपासली असती तर आठ दिवसांत खरे नाव कळले असते. पुन्हा एकदा व्यवस्थित रुंद शस्त्रक्रिया झाली असती, आणि बहुधा गोष्ट तिथेच संपली असती.

शस्त्रक्रियेखेरीज दुसरी आयुधे दुबळी आहेत, म्हणून तर पहिली संधी मोलाची. कडा स्वच्छ मिळाल्या नाहीत, नसांमध्ये रोग शिरला, किंवा लसिका ग्रंथींत रोग सापडला, तर किरणोपचार देतात. त्यांचा उपयोग होतो, पण ते चांगल्या शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाहीत. रोग फुप्फुसात किंवा हाडांत गेला तर केमोथेरपी देतात. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, फ्लूरोयुरॅसिल अशी औषधे वापरली जातात. काहींना काही महिने चांगला गुण येतो, काहींना मुळीच येत नाही. काही गाठींत स्तनाच्या कर्करोगासारखे संप्रेरकांचे किंवा हर-टू नावाचे चिन्ह आढळते, तेव्हा त्या रोगाची औषधे लागू पडण्याची आशा असते. अलीकडे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधेही काही रुग्णांत वापरली गेली आहेत. मात्र रोगच इतका विरळ, की हजारो रुग्णांवर औषधे पारखून घेणे शक्य झालेले नाही. म्हणून अशा रुग्णाचा निर्णय शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घेतलेला बरा. मोठ्या केंद्रात जायचे ते यासाठी.

बरे होण्याची आशा किती?

रुग्णाच्या घरचे दाराआड थांबून हळूच विचारतात, "डॉक्टर, किती दिवस?" कर्करोग म्हटला की दिवसच मोजायचे, ही समजूत इथे खोटी ठरते. पोरोकार्सिनोमा त्वचेपुरता असताना पूर्ण काढला गेला, तर शंभरातले सत्तर-ऐंशी रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. २००१ साली ६९ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची पुढची हकीकत हाती आली, त्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत गाठ त्याच जागी परत आली, १९ टक्क्यांत लसिका ग्रंथींत रोग गेला आणि ११ टक्क्यांत तो दूर पसरला किंवा मृत्यू ओढवला. म्हणजे बहुसंख्य लोक सुखरूप होते. गाठ ७ मिलिमीटरहून खोल गेलेली असेल, पेशी फार वेगाने विभागत असतील किंवा त्या लसिकावाहिन्यांत शिरलेल्या दिसत असतील, तर धोका वाढतो, असेही त्या अभ्यासाने दाखवले. हे सारे कळते ते त्याच तपासणीच्या कागदावर.

एकदा रोग लसिका ग्रंथींत पोचला की चित्र पालटते. जुन्या नोंदींत अशा तिघांपैकी दोघे दगावलेले दिसतात. टाचेपासून जांघेपर्यंतचे हे अंतर दीड हातही नाही. पण आयुष्याच्या हिशेबात ते फार मोठे आहे. ओठाजवळच्या चिवट प्रकाराची गोष्ट वेगळी. तो सहसा जीव घेत नाही, दूर पसरत नाही. पण कडा न तपासता काढला तर पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी चेहऱ्याचा आणखी थोडा भाग घेऊन जातो.

'सगळ्याच गाठी पाठवायच्या?'

माझे हे मत ऐकून माझे काही व्यवसायबंधू हसतात. "रोज दहा चामखिळी जाळतो, सगळ्या पाठवू? रोगी पैसे देईल का?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लहान मुलाच्या हातावरची चामखीळ किंवा गळ्यावरची लोंबणारी बारीक मसे यांना पाहून सोडून देता येते. पण जी गाठ चाकूने कापून, टाके घालून काढावी लागली, ती गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. इथे मला अपवाद मान्य नाही. शस्त्रक्रियेचा खर्च करणारे कुटुंब त्यात तपासणीची थोडी भर घालू शकते. ज्याला खरोखर जमत नाही, त्याला सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांचा रस्ता दाखवावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचा विभाग असतोच. घाटकोपरचे राजावाडी किंवा अंधेरीकडच्यांना जवळचे कूपर यांसारखी पालिकेची रुग्णालये उपनगरांत आहेत.

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक कबूल करतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही गाठी फेकल्या आहेत. "काही नाही हो, साधी चरबीची गाठ," असे छातीठोकपणे सांगून. त्यांतल्या किती खरोखर साध्या होत्या, हे मला आज सांगता येत नाही, कारण पाहायला काहीच उरले नाही. न तपासता फेकणाऱ्या डॉक्टरला आपण चुकलो हे कधी कळतच नाही. गाठ परत आली तर रोगी दुसऱ्याच दवाखान्यात जातो. म्हणून ही सवय वर्षानुवर्षे चालते. पूर्वी बादली होती, आता जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांमुळे पिवळी पिशवी आली. गाठीच्या नशिबात मात्र फरक पडला नाही.

पाहिले, म्हणून कळले

या संदर्भात एका मराठी माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतितज्ज्ञ. टाटा रुग्णालयाच्या सुरुवातीच्या काळात तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह 'धोतराच्या कर्करोगा'चे वर्णन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्या काही माणसांच्या त्वचेवर घासून डाग पडत, पुढे व्रण होई आणि काहींत कर्करोग होई. हा रोगही विरळच. कोणीतरी तो तुकडा काचेवर घेऊन पाहिला, दुसऱ्या रुग्णाच्या तुकड्याशी ताडून पाहिला, नोंद ठेवली, म्हणून जगाला कळला.

१९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरात कोणता कर्करोग किती, हे आपण आज सांगू शकतो ते अशा नोंदींच्या जोरावर. पण जी गाठ प्रयोगशाळेत गेलीच नाही, ती कोणत्या वहीत येणार? "आपल्याकडे हा रोग नाहीच" असे म्हणताना तो खरेच नाही की आपण पाहिलाच नाही, याचाही विचार व्हावा. विरळ रोगाच्या रुग्णाला दुसऱ्या रुग्णांच्या अनुभवावरच उपचार मिळतात. तुमची तपासलेली गाठ उद्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते, ती अशी.

वाचकांनी काय करावे?

महिन्याभरापेक्षा अधिक काळ असलेली आणि वाढणारी, रक्त येणारी, फुटून न भरणारी किंवा काढल्यावर परत आलेली गाठ डॉक्टरांना दाखवा. जुनी, शांत गाठ एकाएकी बदलली तर विशेष सावध व्हा. चुना, खार, ब्लेड, दोरा यांपैकी काहीही वापरू नका.

गाठ काढायचे ठरले की शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा, "डॉक्टर, ही तपासायला पाठवणार ना?" असे विचारणे उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही. गाठ रुंद तोंडाच्या बाटलीत, फॉर्मालिनच्या द्रावणात बुडवून जायला हवी. सलाइन, पाणी किंवा कोरड्या डबीत ठेवली तर पेशी खराब होतात आणि सगळे मुसळ केरात! बाटलीवर रुग्णाचे नाव आणि गाठ शरीरावर कुठे होती ते लिहिले आहे ना, हे घरच्या माणसाने स्वतः पाहावे. मधल्या प्रवासात बाटली हरवू नये, म्हणून पोचपावती घ्यावी.

अहवाल आल्यावर "नॉर्मल आहे ना?" एवढेच विचारून थांबू नका. कडा स्वच्छ आहेत का, तेही विचारा. कागद आधारकार्डाइतका जपून ठेवा. प्रयोगशाळेत तुमच्या गाठीचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या असतात. मोठ्या रुग्णालयात जाताना त्या मागून घ्या. तिथले तज्ज्ञ त्या पुन्हा पाहतात, आणि विरळ रोगात दुसऱ्या नजरेने निदान बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत. नॅशनल कॅन्सर ग्रिड या नावाने २०१२ पासून देशातली कर्करोग केंद्रे एकमेकांना जोडली गेली आहेत, तेव्हा जवळ असे केंद्र आहे का, याचीही चौकशी करा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचारानंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जायचे, त्या जागेवर आणि जवळच्या लसिका ग्रंथींवर डॉक्टरांचा हात फिरला पाहिजे. बरे वाटते म्हणून ती भेट टाळू नये.

काकांची टाचेची शस्त्रक्रिया झाली, जांघेतल्या ग्रंथी काढल्या, किरणोपचार झाले. पाय सुजतो, म्हणून दिवसभर घट्ट मोजा घालावा लागतो. लोकल गाडीत अपंग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डब्यात बसून ते तपासणीला जाऊन येतात. आजवर रोगाने पुन्हा तोंड दाखवलेले नाही. पण अजून पक्के काही सांगता येत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. परवा ते म्हणाले, "डॉक्टर, ते पहिल्या वेळचे बादलीत गेले नसते तर हा मोजा घालावा लागला नसता, होय ना?"

मी त्यांना खोटे सांगितले नाही. "बहुधा नसता लागला, काका," म्हणालो.

त्या बाटलीला आणि फॉर्मालिनला चहा-वड्यापेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत. घरात कोणाची गाठ काढायची असेल, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तेवढे एक विचारून ठेवा.